खोकनचं नाव कोणत्या रकान्यात

लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला सासूनं शशिकलाच्या हातात ओवाळणीचं ताट दिलं आणि म्हणाली, "तुला भाऊ नाय ना? मंग चंद्राला ओवाळ. जिला भाऊ नाय ती चंद्राला ओवाळते."

पनवेलजवळच्या नेरे गावातलं घर, पुढं ऐसपैस अंगण, आणि नवी सून काय करते ते बघायला जावा-नणंदा ओळीनं उभ्या. शशिकलानं ताट खाली ठेवलं. देवापुढचं उगाळलेलं गंध डाव्या हाताच्या करंगळीवर घेतलं, टाचा उंचावल्या आणि दाराच्या चौकटीवर हात पोचेल तितक्या वर एक टिळा लावला.

"ह्ये काय गो?" सासू म्हणाली.

"मला भाऊ आहे, आई. इथं नाही, एवढंच."

"आन् येवढ्या वर?"

"आता वीस वर्षांचा असेल तो. आमचे बाबा उंच होते."

जावांमध्ये खसखस पिकली. थोरली नणंद हौसा तर तोंडावर म्हणाली, "चौकटीलाच भाऊ केला का, वयनी? मंग ओवाळणी पन तिच्याकडूनच घे." पण सासू हसली नाही. तिनं सुनेच्या तोंडाकडं बघितलं आणि ताट उचलून आत नेलं. त्या घरात शशिकलाला पुन्हा कुणी चंद्राला ओवाळायला सांगितलं नाही.

शशिकलाचा जन्म पूर्व बंगालातला. तिथल्या रीतीप्रमाणे भाऊ दूरगावी असला तर बहीण त्याच्या नावानं भिंतीला किंवा चौकटीला गंध लावते. इकडं चंद्राला ओवाळतात ते भाऊच नसला तर. दोन्हींत किती फरक आहे हे त्या अंगणात तिला एकटीलाच कळत होतं.

जन्मनाव निभाराणी मंडल. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'शशिकला' लिहिलं गेलं आणि ती शशिकला कमलाकर घरत झाली. चांद्याकडच्या जंगलात निर्वासितांसाठी वसवलेल्या गावात मामांकडं वाढली, मराठी शाळेत शिकली, नर्सचं शिक्षण घेतलं आणि नेऱ्याच्या उपकेंद्रात नेमणूक होऊन आली. कमलाकर पनवेल डेपोत कंडक्टर होता. सकाळच्या नेरे गाडीला ही लशींचा बर्फाचा डबा घेऊन चढायची, आणि हा पुढची सीट अडवून ठेवायचा. डब्यासाठी. "नर्सबाई उभ्या राहिल्या तरी चालतील, पोलिओ बसला पाहिजे," असं म्हणायचा. दीड वर्ष डब्याला जागा दिल्यावर एक दिवस त्यानं विचारलं, "तुमच्या घरी कुणाला भेटायला जायचं?" ती म्हणाली, "मामांना. बाकी कुणी नाही." मग म्हणाली, "एक भाऊ आहे. पण त्याला कुठं भेटायचं ते मलाही ठाऊक नाही."

ते बाकीचं सगळं एकाहत्तर सालात गेलं होतं. निभा आठ वर्षांची, खोकन तीन. पाकिस्तानी लष्कर गावोगाव माणसं मारत होतं, घरं जाळत होतं, म्हणून आई, बाबा, आजी आणि ही दोन पोरं सीमेकडं चालत निघाली. तीन दिवस चालून नदीकाठच्या एका बाजारात पोचली. तिथं त्यांच्यासारखीच हजारो माणसं नावेची वाट बघत बसलेली. चुली पेटल्या होत्या, भात शिजत होते. दुपारच्या आधी लष्कराच्या गाड्या आल्या. बाबा आणि आजी तिथंच गेले. आई निर्वासितांच्या छावणीत अकरा दिवसांनी पटकीनं गेली.

आणि खोकन? शशिकला सगळं सांगायची, पण खोकनपाशी आली की "भावाची चुकामूक झाली" एवढं म्हणून पुढं जायची.

खोकन म्हणजे आपल्याकडचं बाळू. शाळेत घालताना खरं नाव ठेवायचं, ते ठेवायचं राहूनच गेलं. बंगालात दर तिसऱ्या घरात एक खोकन. शोधायचं तरी कुणाला? एकच खूण तिला पक्की आठवायची, डोक्यात दोन भोवरे. हौसाला हे कळलं तेव्हा ती म्हणाली होती, "दोन भवरे? मंग दोन बायका केल्या आसतील त्यानं. त्या सोडवतच नसतील, इथं कसा येल तो?" शशिकला तेव्हा पोट धरून हसली होती. तिच्या भावाबद्दल कुणी तो जिवंत, धडधाकट, बायकांच्या कचाट्यात सापडलेला माणूस असल्यासारखं बोललं, ते पहिल्यांदाच.

तेव्हापासून हौसाशी तिचं जमलं.

पनवेलच्या एसटी स्टँडवर, बाजारात, नव्या इमारतींच्या कामावर कुणी बंगाली बोलताना ऐकू आलं की शशिकलाचे पाय थांबायचे. "कोन ग्रामेर मानुष?" कुठल्या गावचे? म्हणून विचारायची. पोरं बिचकायची, कागद बघायला आली की काय म्हणून. मग ती हसून म्हणायची, "कागद नको रे बाबा. नुसतं बोल." आणि बोलता बोलता डोळे त्यांच्या डोक्याकडं जायचे. कमलाकर एकदा हळूच म्हणाला, "शशी, ही पंचविशीतली पोरं आहेत. खोकन आता छपन्नचा. टक्कल पडलं असेल, भोवरे कुठले दिसायला?" ती त्यावर रुसून दोन दिवस बोलली नाही. टक्कल तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

निवृत्त झाली त्या वर्षी त्या युद्धाला पन्नास वर्षं झाली. पनवेलच्या एका सभागृहात विजयाचा कार्यक्रम होता. व्याख्यात्यांनी तेरा दिवसांत युद्ध कसं जिंकलं ते छान रंगवून सांगितलं. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर पाचव्या रांगेतून शशिकला उठली. बोलायचं असं ठरवून आली नव्हती. "युद्ध तेरा दिवसांचं होतं," ती म्हणाली. "मारणं नऊ महिन्यांचं होतं. त्यातले आठ दिवस मी पाहिलेत. पाच मिनिटं बोलू का?"

ती चाळीस मिनिटं बोलली. जाताना बायका तिच्या हाताला हात लावून जात होत्या. त्या गर्दीत अनुया होती, नव्या पनवेलात राहणारी, कॉलेजात इतिहास शिकवणारी पस्तिशीची बाई. त्या नऊ महिन्यांत मारल्या गेलेल्यांची नावं गोळा करणाऱ्या गटाचं काम ती करायची. त्या हत्याकांडाला जगानं वंशसंहार म्हणावं, निदान झालं ते झालं म्हणावं, ही त्या गटाची मागणी.

तिथून शशिकलाचं दुसरं आयुष्य सुरू झालं म्हणायला हरकत नाही. शाळा, कॉलेजं, महिला मंडळं, जिथं बोलावतील तिथं गेली. एकदा परदेशातल्या एका समितीपुढं घरातूनच, लॅपटॉपवर साक्ष दिली. ऐन मध्यात स्वयंपाकघरात कमलाकरच्या कुकरची शिट्टी झाली. समितीतल्या बाईंनी विचारलं, हा आवाज कसला? शशिकला म्हणाली, "भात झाला." तिकडं सगळे हसले. मग तीच म्हणाली, "त्या दिवशी बाजारातसुद्धा भात होत आला होता."

नावं गोळा करायची तर तक्ता हवा. अनुया म्हणाली, "काकू, तुम्ही तीस वर्षं रजिस्टरं सांभाळलीत. रकाने तुम्हीच पाडा." शशिकलानं पट्टी घेऊन पाडले. नाव, वय, गाव, नातं. मग शेवटचे दोन, 'मारले गेले' आणि 'वाचले'. यातल्या एकात खूण करायची. आरोग्य खात्यात रकाना रिकामा सोडलेला चालत नाही. रिकामा दिसला की वरून मेमो येतो. बाळ जन्माला आलं की नाही आलं, डोस दिला की नाही दिला. मधलं काही नसतं. तीस वर्षं हेच करून तिचा हात त्या वळणाचा झाला होता.

दोन हिवाळे ती मामांच्या मुलखात गावोगाव फिरली. दोनशे बारा माणसांकडून नावं घेतली. चारुबाला त्यांतलीच एक.

चारुबाला तेव्हा ऐंशीची. तिची पाच वर्षांची पुतुल नदीकाठच्या चेंगराचेंगरीत हातातून सुटली होती. इतकी वर्षं चारुबाला रोज जेवायच्या आधी मूठभर भात बाजूला काढून ठेवायची. पुतुल उशिरा आली तर, म्हणून. शशिकला तक्ता घेऊन तिच्या ओसरीवर बसली. "मासी, नाव सांग."

"ती हरवली आहे."

"पन्नास वर्षं कुणी हरवलेलं राहत नाही, मासी." शशिकलानं तिचा हात धरून, मायेनंच सांगितलं. "नाव लिहिलं नाही तर ती मारली गेली हे कुणाला कळणार? होतीच कुठं, म्हणतील."

चारुबालानं तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "लिही." शशिकलानं 'मारले गेले' या रकान्यात खूण केली. त्या वर्षी सर्वपित्रीला चारुबालानं भटजी बोलावून नातवाच्या हातून पुतुलच्या नावानं पाणी सोडलं. भाताची मूठ बंद झाली.

आपल्या खोकनचं नाव मात्र शशिकलानं कुठंच घातलं नव्हतं. तो रकाना सोडा, ती ओळच यादीत नव्हती.

गेल्या दिवाळीच्या आधी चारुबालाच्या नातवाचा फोन आला. प्रितम जासईला कंटेनरच्या यार्डात कामाला. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत, इकडं ऑपरेशन होईल का, आणि एका खोलीत आम्ही पाच जण राहतो, तिला ठेवू कुठं? शशिकला म्हणाली, "ठेवायचं कुठं म्हणजे? माझं घर काय दूर आहे?" आता घर म्हणजे पनवेलातला दोन खोल्यांचा फ्लॅट. ऑपरेशन नीट झालं. वसुबारसेपासून चारुबाला काळा चष्मा लावून खिडकीजवळच्या खुर्चीत बसू लागली, आणि शशिकला दर चार तासांनी तिच्या डोळ्यांत थेंब घालू लागली. दोघी दिवसभर बंगालीत बोलायच्या. कोणता मासा कशात शिजवायचा, कोणत्या झाडाखाली कोणतं भूत. कमलाकर म्हणायचा, "माझ्या घरात मीच परप्रांतीय झालो."

भाऊबीजेला सकाळीच हौसा नेऱ्याहून आली. काकड्या, फराळाचा डबा आणि तोंडाचा पट्टा, तिन्ही घेऊन. भावाला पाटावर बसवून ओवाळलं आणि त्यानं दिलेली साडी उलगडून बघितली.

"कमळाकर, मी नऊवारी नेसते रे. साठ वर्सं झाली बघतोस मला. परत सहावारी!"

"दुकानदार म्हणाला, आता सगळ्या हीच नेसतात."

"मंग दुकानदाराला ओवाळते, उठ."

हसण्याखिदळण्यात शशिकलानं गंध घेतलं आणि दाराशी गेली. टाचा उंचावायला आता गुडघे कुरकुरतात, म्हणून स्टूल घेतलं. चौकटीवर टिळा लावला. ओठांतल्या ओठांत काही म्हणाली. मागं वळली तर चारुबालानं चष्मा काढला होता. कितीक वर्षांनी तिला लांबचं स्वच्छ दिसत होतं.

"कुणासाठी लावलास?" तिनं बंगालीत विचारलं.

शशिकलानं स्टूल उचलून भिंतीशी ठेवलं.

"निभा, ही रीत मला शिकवायला नको. कुणासाठी?"

"खोकनसाठी, मासी."

"म्हणजे तुझा खोकन दूर आहे." चारुबालाचा आवाज चढला नाही. "आणि माझी पुतुल मेली. पन्नास वर्षं कुणी हरवलेलं राहत नाही, तूच म्हणालीस ना?"

"काय बोलते गो ती?" हौसानं विचारलं. शशिकलानं तिला सांगितलं नाही.

चारुबाला जेवली नाही. प्रितमला बोलव, मी त्याच्या खोलीत एका कोपऱ्यात पडेन, म्हणाली. दुपारी थेंबांची वेळ झाली तेव्हा शशिकला बाटली घेऊन जवळ गेली. म्हातारीनं मान मागं टेकवली. राग होता तरी डोळा हिच्याच हाती द्यायला लागला. थेंब पडला आणि त्यामागून चारुबालाचं स्वतःचं पाणी भरून आलं.

"रडू नको मासी. डोळा पुसता येणार नाही आत्ता."

"माझ्या पोरीला तू मारलंस," चारुबाला वर छताकडं बघत म्हणाली. "त्यांनी मारलं की नाही ते मला माहीत नाही. तू मारलंस ते मी बघितलं."

शशिकला देवघरापाशी जाऊन बसली. जपाची माळ हातात होती, मणी सरकत नव्हता. तिला आपल्या हातची ती खूण दिसत होती, निळ्या शाईची, ठसठशीत. दोनशे बारा घरं. त्यांतल्या किती ओसऱ्यांवर आपण हेच बोललो? मायेनं, हात धरून, तक्ता भरून घेतला.

चारला अनुया आली. यादीची शेवटची प्रत होती, अकराशेवर नावं. शशिकलानं बघून सही केली की दुसऱ्या दिवशी छापायला जायची आणि तिथून परदेशातल्या समितीकडं. अनुयानं प्रत समोर ठेवली, पेन ठेवलं आणि घरातली शांतता बघून विचारलं, "काय झालं, काकू?"

हौसाला बंगाली कळत नसलं तरी 'खोकन' आणि 'पुतुल' कळलं होतं. "काय व्हायचंय? सगळ्यांची नावं लिवली वयनीनं, सवताच्या भावाचं ठेवलं गाठीला. म्हातारीनं आज पकडली."

अनुयानं चमकून शशिकलाकडं पाहिलं. "तुमच्या भावाचं नाव यादीत नाही?"

कमलाकर मध्ये पडायला गेला. "अगं, ते जरा..." शशिकलानं हातानंच थांबवलं.

"बस, अनुया. रेकॉर्डिंग नको लावू. आधी नुसतं ऐक."

आणि तिनं सांगितलं. एक वाक्य बंगालीत, तेच परत मराठीत, म्हणजे खोलीतल्या सगळ्यांना कळेल असं.

गोळीबार सुरू झाला तेव्हा खोकन तिच्या कडेवर होता. ती पळत नदीच्या काठाशी गेली. एक नाव खच्चून भरलेली, सुटतच होती. नावेतल्या एका बाईनं हात पुढं केले. हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या हातांत. हिंदू की मुसलमान, ठाऊक नाही. निभानं खोकनला त्या हातांत दिलं आणि आईला बोलवायला परत फिरली. आईला घेऊन आली तेव्हा नाव मधोमध गेली होती. मग नदीकडूनही आवाज आले. त्या आवाजांनंतर तिनं नदीकडं बघितलंच नाही. आईचं तोंड दोन्ही हातांनी दाबून गवतात पडून राहिली.

"छावणीत आई अकरा दिवस जगली. रोज विचारायची, खोकन कुठंय? मी सांगायची, नावेत आहे, सुखरूप आहे. शेवटच्या दिवशीही विचारलं. मी म्हटलं, सुखरूप आहे. त्यावर तिनं डोळे मिटले." शशिकलानं पदरानं तोंड पुसलं. "आता मी त्या रकान्यात खूण केली तर आईला खोटं सांगून पाठवली असं होतं. म्हणून नाही केली. आणि मासीला मात्र..."

खाली सोसायटीत पोरं उरलेले फटाके उडवत होती.

अनुयानं यादी मिटली. "आपण काय करायचं, काकू?"

"अजून एक रकाना पाडायचा. 'परत न आलेले'. मारले नाही, वाचले नाही. ठाऊक नाही."

अनुया अवघडली. "मी खरं बोलू का? समितीत आपल्या विरुद्ध बोलणारे आहेतच. आपण 'परत न आलेले' लिहिलं की ते म्हणणार, म्हणजे असतील कुठंतरी. तुमचे आकडे फुगवलेले."

"म्हणू देत."

"आकडा कमी होईल, काकू. इतक्या वर्षांचं काम आहे."

"होऊ दे कमी. मी उभी राहून सांगते ना, की खोटं लिहिलं नाही. तेवढ्यासाठीच तर उभी राहते." मग ती उठून चारुबालाच्या खुर्चीशी खाली बसली. "मासी, पुतुलला त्या रकान्यातून काढू? नव्यात घालू? तू सांगशील तसं. मी काही म्हणणार नाही."

"पाणी सोडलंय मी तिच्या नावानं," चारुबाला तिच्या बाजारापुरत्या मराठीत म्हणाली, बहुधा सगळ्यांनाच विचारायचं म्हणून. "ते परत घेता येते काय?"

जिवंत माणसाच्या नावानं पाणी सोडणं म्हणजे केवढा दोष, हे शशिकलालाही ठाऊक होतं. कमलाकर देवाच्या फोटोकडं बघायला लागला. हौसा मात्र काकडी चिरता चिरता म्हणाली, "त्यात काय परत घ्यायचंय? पानी ते पानी. जिती आसंल तं पिल. तहान भागंल पोरीची."

चारुबाला हौसाकडं बघत राहिली. आधी तिचे खांदे हलले. रडते आहे वाटून शशिकला डोळ्याच्या काळजीनं पुढं झाली, तर म्हातारी हसत होती. हसता हसताच तिनं हौसाच्या हातातली काकडीची फोड घेतली.

"तिथंच राहू दे पुतुलला," ती मग शशिकलाला आपल्या भाषेत म्हणाली. "पाणी सोडलं त्या रात्री मी पहिल्यांदा मोकळी रडले. पन्नास वर्षं रडता येत नव्हतं, वाट बघत होते ना. आता पुन्हा वाट बघायचं बळ नाही माझ्यात."

"मग रागावलीस का, मासी?"

"तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर कदाचित हेच सांगितलं असतं. पण विचारायला हवं होतंस, निभा."

शशिकलानं यादी उघडली. शेवटच्या पानावर, सगळ्या नावांखाली, पट्टी न घेताच एक उभी रेघ मारली. वर लिहिलं 'परत न आलेले'. नाव, खोकन मंडल. वय, तीन. मग 'तीन' खोडून थांबली. आजचं वय लिहायचं की त्या दिवशीचं, ते तिला ठरवता येईना. अनुयानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तिनं पुन्हा 'तीन' लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तिच्या आयुष्यात असं अक्षर कुठल्या रजिस्टरात आलं नव्हतं.

"आता सही?" अनुयानं विचारलं.

"आठ दिवस थांब. दोनशे बारा फोन करायचेत."

"आठ दिवसांत?"

"पोलिओच्या रविवारी दिवसाला दोनशे घरं केलीत मी. पायी." तिनं चष्मा लावला आणि आपल्या जुन्या वहीतलं पहिलं पान काढलं. पहिलं नाव होतं निरंजन हालदार. त्यानं थोरल्या भावाचं नाव दिलं होतं.

फोन लागला. तिकडं टीव्ही मोठ्यानं चालू होता.

"निरंजनदा, मी निभा. पनवेलहून."

"बोल ग! झाली का दिवाळी?"

"झाली, दादा. एक विचारायचं राहून गेलं होतं." तिनं एक श्वास घेतला. "तुमच्या थोरल्या भावाला तुम्ही स्वतः पडलेलं पाहिलं होतं? की मी लिहा म्हटलं, म्हणून लिहिलंत?"

टीव्ही तसाच वाजत राहिला. शशिकलानं फोन कानाशी घट्ट धरला. यावेळी तिनं पुढचं वाक्य सुचवलं नाही. मग टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं, आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज.

"थांब," निरंजनदा म्हणाला. "बसून सांगतो."